वाचकांचे प्रश्न: घरची कॉकटेल्स, बर्फ आणि माप

सणासुदीच्या तोंडावर घरी कॉकटेल करू पाहणाऱ्यांचे बरेच प्रश्न आले. त्यातले सारखे प्रश्न एकत्र करून इथे उत्तरं देत आहोत. मापं मिलिलिटरमध्ये आहेत. जिगर (मद्य मोजायचं छोटं माप) नसेल तर औषधाच्या बाटलीवर येतं तसं खुणा असलेलं झाकण चालेल. अंदाजाने ओतणं मात्र चालणार नाही, कारण पुढच्या निम्म्या तक्रारींचं मूळ तिथेच आहे.

प्रश्न: क्राफ्ट जिनची बाटली भेट मिळाली. ‘क्राफ्ट’ म्हणजे नेमकं काय समजायचं? आणि अशी जिन कॉकटेलमध्ये घालणं म्हणजे ती वाया घालवणं का?

‘क्राफ्ट’ या शब्दावर फार भिस्त ठेवू नका. अमेरिकेच्या संघीय नियमांत मद्यासाठी या शब्दाची व्याख्याच नाही, ‘स्मॉल बॅच’ (थोडं थोडं बनवलेलं) या शब्दाचीही तीच गत. ‘लंडन ड्राय’ लिहिलं असेल तर निदान काहीतरी कळतं: सुगंध ऊर्ध्वपातनातूनच आलेला आहे, नंतर रंग किंवा अर्क मिसळलेला नाही आणि साखर असलीच तर लिटरमागे ०.१ ग्रॅमपेक्षा जास्त नाही. लंडनशी तिचा संबंध असायलाच हवा असं नाही, ती कुठेही बनते. शिवाय लेबलवर मद्यार्काची टक्केवारी, वापरलेल्या वनस्पतींची नावं आणि ऊर्ध्वपातन कुणी केलं हे बघा. फक्त ‘बाटलीबंद केली’ एवढंच लिहिलेलं असेल तर आतलं मद्य दुसऱ्या कुणीतरी बनवलेलं असू शकतं. मूळ मद्यार्क विकत आणून त्यात जुनिपर (जिनला तिचा मूळ वास देणारं झुडपी फळ) आणि इतर वनस्पती घालून पुन्हा ऊर्ध्वपातन करणं ही मात्र जिनची नेहमीचीच रीत आहे, त्यात फसवणूक काही नाही.

कॉकटेल ठरवण्याआधी ती कोरी चाखा. अरुंद तोंडाच्या ग्लासात २० मिलि घ्या, बर्फ नको. तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्या, म्हणजे नाकाला झोंबणार नाही. एक छोटा घोट घ्या आणि मग थेंबाथेंबाने पाणी वाढवत एकूण १५ ते २० मिलि घाला. मद्यार्काची धग उतरली की आत काय आहे ते समोर येतं. जुनिपर आणि लिंबाच्या सालीचा वास वरचढ असेल तर मार्टिनी किंवा नेग्रोनीत ती ठामपणे उभी राहील. नाजूक फुलांचा गंध असेल तर नेग्रोनीच्या वाटेला जाऊ नका. तिच्यातलं कडू लाल लिकर (साखर घातलेलं सुगंधी मद्य) तो गंध पुरता झाकून टाकेल. अशा जिनला थंड सोडा आणि सालीची एक चकती पुरे. मिरी, दालचिनीसारखा मसाला जाणवला तर संत्र्याची साल आणि आलं तिला मानवतं. वाया जाते ती चुकीच्या जोडीमुळे. कॉकटेल केलं म्हणून नव्हे.

प्रश्न: बारमधलं व्हिस्की सावर किंवा डायकिरी गुळगुळीत लागतं. घरी तेच कधी पाणचट, कधी घशाला लागणारं होतं. पाककृती तीच, मग चुकतं कुठे?

पाण्यात. पाककृतीत न लिहिलेला तो घटक आहे. १८०६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका वृत्तपत्राने एका वाचकाच्या शंकेला उत्तर देताना कॉकटेलची व्याख्या छापली: कोणतंही मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स (थेंबाने घालायचा कडू वनस्पतींचा अर्क). पाणी तिथे रीतसर मोजलेलं आहे. आज ते बर्फातून येतं, म्हणून नजरेतून सुटतं.

सावरचं हमखास माप असं: मद्य ६०, ताजा लिंबाचा रस २२, साखरेचा एकास एक पाक २२. हे झालं साधारण १०५ मिलि. नीट शेक केल्यावर गाळून मोजलं तर १३० ते १३५ भरायला हवं, म्हणजे पाव भागाहून थोडं जास्त पाणी. एकदा खरोखर मापाच्या भांड्यात गाळून बघा. ११५ भरलं तर तुम्ही कमी हलवलंत आणि घसा जळणार. १५० झालं तर बर्फ ओला होता.

ओला बर्फ म्हणजे फ्रीझरमधून काढून भांड्यात ठेवलेला, वरून पाणी सुटलेला. ते पाणी काहीही गार न करता थेट पेयात उतरतं. बर्फ आयत्या वेळी काढा आणि सुटलेलं पाणी शेकरमध्ये जाण्याआधी निथळून टाका. शेकर दोन तृतीयांश भरा. कमी बर्फ घातला तर पेय कमी पातळ होईल हा गैरसमज आहे. चारच खडे असतील तर ते सगळे वितळतात आणि पेय तरी पुरतं गार होत नाही. झाकण घट्ट बसवून १२ ते १५ सेकंद जोरात हलवा, धातूच्या शेकरवर बाहेरून दव धरलं की थांबा. बर्फ फ्रीझरमध्ये उघडा ठेवू नका, शेजारच्या अन्नाचा वास तो हमखास उचलतो.

रस, साय किंवा अंडं असेल तर शेक. नुसती मद्यं, वर्माउथ (वनस्पतींनी सुगंधित केलेली वाइन) आणि बिटर्स असतील तर ढवळा. ढवळताना हवा शिरत नाही, पेय नितळ आणि जड राहतं. मोठ्या ग्लासात भरपूर बर्फावर ३० सेकंद ढवळलं की ९० मिलिचे ११० च्या आसपास होतात. ओल्ड फॅशन्डला ६० मिलि व्हिस्की, चहाच्या चमच्याने एक चमचा साखरेचा पाक आणि बिटर्सचे दोन शिंतोडे एवढंच लागतं. ते एका मोठ्या खड्यावर वाढायचं असेल तर ढवळणं २० सेकंदांवर आवरा, उरलेलं पाणी ग्लासात सुटेलच.

प्रश्न: पाक एकास एक म्हणजे वाटीने की वजनाने?

वजनाने. एक वाटी साखर एक वाटी पाण्यापेक्षा हलकी भरते, कारण दाण्यांमध्ये हवा असते. त्यामुळे वाटीने केलेला पाक फिका होतो आणि कॉकटेल आंबटाकडे झुकतं. २०० ग्रॅम साखर आणि २०० ग्रॅम गरम पाणी घेऊन विरघळेपर्यंत ढवळा. उकळू नका, पाणी उडून प्रमाण बिघडतं. स्वच्छ बाटलीत, फ्रिजमध्ये दोन-तीन आठवडे टिकतो. दोनास एक पाक त्याहून बराच जास्त टिकतो, पण तो जास्त गोडही असतो, म्हणून २२ च्या जागी १५ घाला. गढूळपणा किंवा तंतू दिसले तर फेकून द्या. मध तसाच शेकरमध्ये घातला तर बर्फावर गोठून तळाशी बसतो, त्याच्या दोन भागांत एक भाग कोमट पाणी मिसळून घ्या.

प्रश्न: जिनमध्ये टॉनिक वॉटर (कडवट-गोड सोडा) ओतल्यावर ती दुधाळ झाली. व्हिस्कीही बर्फावर धुरकट दिसते. भेसळ तर नाही?

हे भेसळीचं लक्षण नाही. जुनिपर आणि लिंबूवर्गीय सालींतली सुगंधी तेलं मद्यार्कात विरघळतात, पाण्यात नाही. टॉनिक ओतल्यावर मद्यार्काचं प्रमाण घसरतं आणि तेलाचे सूक्ष्म थेंब तरंगू लागतात. बडीशेपेच्या वासाची मद्यं पाणी घालताच पांढरी होतात ती याच कारणाने. वनस्पती सढळ हाताने वापरणाऱ्या छोट्या ऊर्ध्वपातकांच्या जिनमध्ये हे जास्त दिसतं. व्हिस्कीत तो धूसरपणा मेदाम्लांच्या एस्टरमुळे येतो. मोठ्या उत्पादनात बरेचदा मद्य थंड करून गाळतात आणि हे एस्टर काढून टाकतात. थंड गाळणी न केलेली व्हिस्की ४६ टक्के किंवा त्याहून जास्त तीव्रतेने भरलेली असते ती बरेचदा याचसाठी, त्या तीव्रतेला ती नितळ राहते. चवीला धोका काही नाही.

निळी जिन लिंबू पिळताच जांभळी-गुलाबी होत असेल तर तिच्यात गोकर्णीच्या फुलांचा रंग आहे. आम्लाने तो बदलतो. पाहुण्यांसमोर ही गंमत करायची असेल तर रस शेवटी, वरून ओता.

प्रश्न: बारा जणांसाठी करायचं आहे. प्रत्येकाचा ग्लास वेगळा हलवत बसलो तर गप्पा मारायच्या कधी?

ढवळायची कॉकटेल्स आदल्या दिवशीच बाटलीत भरून ठेवा. बारा ग्लास नेग्रोनीसाठी जिन ३६०, कडू लाल लिकर ३६०, गोड वर्माउथ ३६० आणि पिण्याचं पाणी २४०. पाणी विसरू नका. बाटलीतलं पेय बर्फावर ढवळलं जाणार नाही, तेव्हा बर्फाचा वाटा आपणच घालायचा. एकूण १,३२० मिलि होतं, ७५० मिलिच्या दोन बाटल्यांत निम्मं-निम्मं बसतं. फ्रिजमध्ये किमान चार तास ठेवा आणि ग्लासमागे ११० मिलि ओता, वर संत्र्याची साल पिळा.

हे फ्रीझरमध्ये ठेवू नका. पाण्यासकट त्याची तीव्रता २२-२३ टक्क्यांवर येते आणि असं मिश्रण उणे १० अंशांच्या आसपास गोठू लागतं. घरचा फ्रीझर उणे १८ ला चालतो, म्हणजे बाटलीत चुरा होणार. साधी ४० टक्क्यांची जिन किंवा व्होडका मात्र त्यात गोठत नाही.

लिंबू असलेल्या पेयांना हा उपाय लागू नाही. ताज्या रसाची धार काही तासांतच बोथट होते, त्याला शिळा, कडवट वास येतो. गर्दीसाठी लिंबाचं पेय हवं असेल तर पंच, म्हणजे मोठ्या भांड्यात एकत्र केलेलं पेय, करा, त्याला जरा वेळ देऊ, कारण पंच बिघडतो तो घाईनेच.

मोठी पिवळी लिंबं ६ घ्या. धुऊन, पुसून सालकाढणीने वरची पिवळी साल तेवढी काढा, पांढरा थर कडू असतो. सालींवर १८० ग्रॅम साखर घालून दाबून चोळा आणि झाकून सहा ते बारा तास ठेवा. साखर सालीतलं तेल ओढून घेते आणि तळाशी सुगंधी पाक जमतो. नुसत्या रसाने हा वास येत नाही, पंचाचा सगळा डौल त्या तेलात आहे. नंतर २०० मिलि गरम, फार कडक नसलेला काळा चहा ओतून उरलेली साखर विरघळवा, साली गाळून टाका आणि गार होऊ द्या. वाढण्याच्या तासभर आधी लिंबं पिळून २२० मिलि रस, ६०० मिलि रम आणि ६०० मिलि थंड पाणी घाला. चाखून बघा, या टप्प्यावर ते जरासं तीव्र आणि जास्त गोड वाटायला हवं, बर्फ त्याला जागेवर आणतो. बर्फाचे खडे टाकले तर अर्ध्या तासात पंच पाणी होतो. त्याऐवजी एक लिटरच्या डब्यात आदल्या दिवशी पाणी गोठवा आणि ती अखंड लादी भांड्यात सोडा. वजनाच्या मानाने तिचा पृष्ठभाग कमी असल्याने ती हळू वितळते. जायफळ वाढताना किसा, आधी नको.

पाहुण्यांना सांगायला एक हिशेब जवळ ठेवा. ४० टक्क्यांच्या ६० मिलि मद्यात सुमारे १९ ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. वरच्या नेग्रोनीच्या एका ग्लासातही साधारण तेवढाच आहे, आणि पंचाचा १५० मिलिचा कप त्याच्या फार मागे नाही. गोड लागतं म्हणून ते हलकं असतं असं नाही. गाडी चालवून घरी जाणाऱ्याला हे आधीच सांगितलेलं बरं.

प्रश्न: सावरवर पांढरा फेस हवा आहे, पण कच्च्या अंड्याची भीती वाटते. आणि एकदा सायीच्या लिकरमध्ये लिंबू घातलं तर सगळं फाटलं.

फेसाला निर्जंतुक केलेलं डब्यातलं अंड्याचं पांढरं घ्या, ग्लासमागे २५ मिलि. मद्य आणि लिंबू मिळून कच्च्या अंड्यातले जंतू लगेच मारतात हा समज खोटा आहे. अंडंच नको असेल तर छोले शिजवून उरलेलं दाटसर पाणी तेवढंच घ्या, फेस जवळजवळ तसाच धरतो. आधी बर्फाशिवाय १५ सेकंद हलवा, मग बर्फ घालून पुन्हा. बर्फाशिवाय हलवताना शेकर आतल्या गारव्याने घट्ट बसत नाही, म्हणून झाकणावर हात दाबून धरा, नाहीतर स्वयंपाकघर पुसावं लागेल.

सायीचं फाटणं अटळ होतं. आम्लता वाढून पीएच ४.६ च्या आसपास आला की दुधातलं केसीन हे प्रथिन गोळा होतं, आणि लिंबाचा रस त्याच्या कितीतरी खाली असतो. सायीच्या पेयात आंबट घालूच नका. पण हेच फाटणं मुद्दाम घडवून केलेलं पेय म्हणजे मिल्क पंच. बेंजामिन फ्रँकलिनने १७६३ मध्ये एका मित्राला त्याची कृती पत्रातून पाठवली होती, इतकं ते जुनं आहे.

ब्रँडी किंवा रम २००, थंड चहा १५०, लिंबाचा रस ७५, पाक ७५ मिसळा. दुसऱ्या मोठ्या भांड्यात ताजं, साय न काढलेलं १२५ मिलि दूध घ्या. मिश्रण दुधात हळूहळू ओता. क्रम उलटा केला तर गोळे नीट धरत नाहीत. तासभर न हलवता ठेवा, मग कॉफीच्या कागदी गाळणीतून किंवा दाट कापडातून गाळा. पहिलं १०० मिलि गढूळच येईल, ते त्याच गाळणीत परत ओता. जमलेला चोथाच खरी गाळणी असतो, त्याला चमच्याने ढोसू नका. दोन-तीन तास लागतात, पण हाती येतं ते काचेसारखं नितळ आणि चहाचा तुरटपणा गेलेलं. दुधाची प्रथिनं थोडी उरतात, म्हणून दुधाची ॲलर्जी असणाऱ्याला देऊ नका.

प्रश्न: व्होडकात मसाले, फळं मुरवायची आहेत. किती दिवस? आणि घरी दारू गाळणं खरंच तितकं अवघड आहे का?

मुरवण्यात सगळ्यात मोठी चूक म्हणजे ‘जितके जास्त दिवस तितकं चांगलं’. सुगंध लवकर उतरतो, कडवटपणा मागून येतो. ४० टक्क्यांच्या ५०० मिलि मद्याला लिंबाची किंवा संत्र्याची साल दीड-दोन दिवस, दालचिनीचा बोटभर तुकडा १२ ते २४ तास, कॉफीचे ५० ग्रॅम अख्खे दाणे एक दिवस, व्हॅनिलाची शेंग चार-पाच दिवस. चहापत्ती दोन मोठे चमचे घालून तासभरच, नंतर तोंड ओढतं. लवंगा दोनच, काही तासांसाठी, नाहीतर जीभ बधिर होते. मिरचीला दिवस मोजायचे नाहीत, दर १५ मिनिटांनी चाखायची. एकापेक्षा जास्त मसाले असतील तर प्रत्येक वेगळ्या बरणीत मुरवा आणि शेवटी मिसळा, म्हणजे लवंग काढायला दालचिनीसाठी थांबावं लागत नाही. ताजी फळं मद्याखाली पूर्ण बुडलेली राहू द्या आणि बरणी फ्रिजमध्ये ठेवा. तंबाखू आणि सिंकोनाची साल यांच्या नादी लागू नका. पहिली विषारी आहे आणि दुसरीतलं क्विनीन घरी मोजता येत नाही.

गाळण्याबद्दल: नको. परवान्याशिवाय तो बहुतेक देशांत गुन्हा आहे आणि बंद खोलीत साठलेली मद्यार्काची वाफ ठिणगीने पेट घेते. ‘पहिली धार फेकली की मिथेनॉल गेलं’ हे ऐकीव ज्ञानही भरवशाचं नाही. विषारी मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळतं आणि पिण्याच्या दारूतलं इथेनॉल ७८.४ ला, पण मिश्रणात ती अशी शिस्तीत एकामागून एक येत नाहीत, मिथेनॉल पुढच्या धारेतही येत राहतं.

प्रश्न: धूर येणारे ग्लास, तांब्याचे मग, वर फुलं: सजावटीत काय सांभाळायचं?

कोरडा बर्फ उणे ७८.५ अंशांचा असतो. त्याचा तुकडा पिणाऱ्याच्या ग्लासात कधीच नको. पंचाचं भांडं दुसऱ्या मोठ्या भांड्यात ठेवून मधल्या जागेत तो टाका, खिडक्या उघड्या ठेवा. तांब्याच्या मगला आतून कल्हई किंवा स्टीलचा थर हवा, लिंबाच्या आम्लाने उघडं तांबं पेयात उतरतं. फुलं खाण्याजोगी आहेत याची खात्री असेल तरच. कण्हेर तर जवळपासही नको. पुदिना कुटू नका, तळहातावर एकदा थापटून वास मोकळा करा.

प्रश्न: उघडलेल्या बाटल्या किती टिकतात?

वर्माउथ ही वाइनच आहे, उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवा आणि दोनेक महिन्यांत संपवा. घरच्या नेग्रोनीला येणारी शिळकट चव बरेचदा कपाटात वर्षभर पडलेल्या वर्माउथची असते. व्हिस्की, रम, जिन खराब होत नाहीत, पण बाटली तळाला आली की हवेने सुगंध मंदावतो. उरलेलं छोट्या बाटलीत भरा. बुचाची बाटली उभी ठेवा, आडवी ठेवली तर तीव्र मद्य बूच कुरतडतं.

प्रश्न: न पिणाऱ्यांना दरवेळी गोड सरबतच मिळतं. त्यांच्यासाठी काही?

मद्य काढलं की गोडी उरते, पण तोंडाला पकड देणारं काही उरत नाही. ती पकड चहाने आणा. कडक काळा चहा गार करून ६०, लिंबाचा रस २०, आल्याचा पाक २०, आणि मिठाच्या पाण्याचे तीन थेंब. २० ग्रॅम मीठ ८० मिलि पाण्यात विरघळवून हे पाणी ठेवून द्या, ते मद्याच्या कॉकटेल्सनाही कामी येतं. बाकीच्यांसारखंच शेक करा, त्याच ग्लासात गाळा. बिटर्स घालताना मात्र विचारून घाला, त्यात सहसा ४० टक्क्यांच्या वर मद्यार्क असतो. एक-दोन थेंबांचं प्रमाण नगण्य असलं तरी निर्णय त्यांचा.

प्रश्न: फसफसणारी वाइन घातली की कॉकटेल उतू जातं आणि मग सपक होतं.

ग्लास, पाक, मद्य सगळं गार करा. कोमट द्रवात कार्बन डायऑक्साइड थांबत नाही. वाइन सर्वांत शेवटी, ग्लास तिरका धरून कडेने ओता आणि तळातून एकदाच चमचा वर उचला. वाइनसकट शेक कधीच करू नका, आतला दाब झाकण उडवतो.